नडगीचे दुखणे: रामनगरच्या लीलेपासून भरतीच्या मैदानापर्यंत

अनंत चतुर्दशीला महाराष्ट्रात गणपती विसर्जनाला निघतात. त्याच सुमारास काशीच्या पलीकडच्या तीरावर, रामनगरात, रामलीलेला आरंभ होतो. पुढे जवळजवळ महिनाभर, एकूण ३१ दिवस, ती चालते. येथे 'चालते' हा शब्द अक्षरशः घ्यावा. या लीलेला एकच रंगमंच नाही. अयोध्या, जनकपूर, चित्रकूट, आपल्या नाशिककरांना ओळखीची वाटेल अशी पंचवटी आणि दूरच्या टोकाला लंका, अशी स्थळे गावाच्या पसाऱ्यात कायमची ठरलेली आहेत. प्रसंग बदलला की पात्रे निघतात आणि त्यांच्यामागून हजारोंचा प्रेक्षकवर्गही निघतो. ध्वनिक्षेपक नाही, विजेचे दिवे नाहीत. पेट्रोमॅक्सच्या उजेडात लोक चालतात, बसतात, पुन्हा उठून चालतात. एकही दिवस न चुकवणाऱ्या प्रेक्षकांना तेथे 'नेमी' म्हणतात. त्यांच्यापैकी अनेकजण अनवाणी असतात.

याच रामनगरात उत्तर प्रदेशच्या पीएसी या सशस्त्र पोलीस दलाची ३६वी वाहिनी आहे. त्या राज्याच्या पोलीस शिपाई भरतीत पुरुष उमेदवाराला ४.८ किलोमीटर अंतर २५ मिनिटांत आणि महिला उमेदवाराला २.४ किलोमीटर अंतर १४ मिनिटांत धावावे लागते. महाराष्ट्रातल्या पोलीस भरतीत पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर. अंतरे वेगळी असली तरी कहाणी सारखीच आहे. जाहिरात निघते, दुसऱ्या दिवसापासून पहाटे डांबरी रस्त्यावर धावणे सुरू होते, आणि दोन-तीन आठवड्यांनी नडगीच्या आतल्या कडेला, घोट्याच्या वरच्या भागात, एक ठसठस जाणवू लागते. प्रथम ती धावण्याच्या आरंभी असते आणि अंग तापले की नाहीशी होते. मग धावून झाल्यावर परत येते. नंतर ती जातच नाही. मैदानावरचे जुने जाणते 'पोटऱ्या भरून आल्यात, पळून मोकळ्या होतील' असे सांगतात. हा सल्ला पोटरीच्या बाबतीत कधी कधी खरा ठरतो. नडगीच्या बाबतीत तो एखाद्याचे पूर्ण वर्ष वाया घालवू शकतो.

हे दुखणे म्हणजे नेमके काय, हे कळायला वैद्यकाला शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि ते बरे कसे करावे याचे उत्तर शोधताना बहुतेक उपाय एकेक करून गळून पडले. तो इतिहास येथे सांगायचा आहे.

आरंभ काशीपासूनच करता येतो. सुश्रुतसंहितेची चौकटच काशीची आहे: काशिराज दिवोदास धन्वंतरी शिष्यांना शल्यशास्त्र शिकवत आहेत, आणि त्या शिष्यांत सुश्रुत प्रमुख आहे. या ग्रंथाच्या निदानस्थानात वातरोगांची गणना करताना चालण्याशी जोडलेली दोन दुखणी येतात. पाऊल वेडेवाकडे पडल्याने घोट्याजवळ होणाऱ्या वेदनेला 'वातकंटक' म्हटले आहे. पुढे माधवनिदानाने या कारणात श्रमाचीही भर घातली. दुसरे दुखणे 'पाददाह', आणि ते विशेषेकरून सतत चालणाऱ्याला होते असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे चाल आणि वेदना यांचा कार्यकारणसंबंध त्या वैद्यांच्या नजरेतून सुटलेला नव्हता. हाडांच्या भंगांचीही सुश्रुताने बारकाईने वर्गवारी केली आहे. लांब हाडांच्या भंगाचे बारा प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत 'स्फुटित', म्हणजे तडकलेले हाड, हाही एक आहे. परंतु हे सारे भंग पडणे, दाबले जाणे, प्रहार होणे यांतून आलेले. एकही मोठा आघात न होता, केवळ हजारो लहान पावलांच्या बेरजेने हाड तडकू शकते ही कल्पना तेथे नाही, आणि तिचा दोष सुश्रुताला देता येत नाही. तो विचार युरोपातही एकोणिसाव्या शतकाअखेरपर्यंत कोणाला सुचला नव्हता.

१८५५ साली प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट या वैद्याने तरुण सैनिकांच्या एका विचित्र तक्रारीची नोंद केली. लांब संचलनानंतर त्यांची पावले सुजत आणि दुखत. मार लागल्याची खूण नसे, जखम नसे. ही कंडराभोवतीच्या आवरणांची सूज असावी असे त्याने मानले. पुढची चाळीस वर्षे लष्करी वैद्य या 'संचलनी सुजे'चे अनेक अर्थ लावत राहिले. बऱ्याच सैनिकांना कामचुकारही ठरवले गेले असावे. वेदना आहे पण दाखवता येत नाही अशा दुखण्याच्या वाट्याला हे नेहमीच येते. १८९५च्या नोव्हेंबरात राँटगेनला क्ष-किरणांचा शोध लागला आणि दोनच वर्षांत, १८९७ साली, श्टेखोव्ह या दुसऱ्या जर्मन लष्करी वैद्याने अशा पावलांची छायाचित्रे घेतली. पावलाच्या लांब हाडांना भंग झालेले होते. सैनिक खोटे बोलत नव्हते.

या दोन घटनांच्या मध्ये, १८९२ साली, बर्लिनचा शल्यवैद्य युलियस वोल्फ याने हाडांच्या रूपांतराचा नियम मांडला. हाड ही मृत खुंटी नव्हे. ज्या दिशेने भार येतो त्या दिशेने ते स्वतःला घडवते, आणि भार गेला की झिजते. नडगीच्या दुखण्याची गुरुकिल्ली या विधानात होती. मात्र ती कुलुपापर्यंत पोहोचायला आणखी ऐंशी-नव्वद वर्षे गेली, कारण दरम्यान सर्वांचे लक्ष स्नायूंकडे लागून राहिले.

त्यालाही कारण होते. विसाव्या शतकात हे दुखणे सैन्यातून मैदानावर आले. १९१३ साली हचिन्स या अमेरिकी लेखकाने धावपटूंच्या 'स्पाइक सोअरनेस'चे, म्हणजे खिळ्यांच्या बुटांनी येणाऱ्या दुखण्याचे, स्पष्टीकरण देण्याचा प्रयत्न केला. पुढे 'शिन स्प्लिंट्स' हे नाव रूढ झाले आणि ते इतके सैल होते की गुडघ्याखाली व घोट्यावर जे काही दुखेल ते त्यात बसू लागले. घोड्यांच्या जगातही 'स्प्लिंट' हा शब्द आहे; तेथे तो पायाच्या हाडावर येणाऱ्या गाठीला वापरतात. शर्यतीच्या तरुण घोड्यांच्या नडग्या सरावाच्या पहिल्या हंगामात सुजतात हेही तबेल्यांत पूर्वापार ठाऊक होते. माणसांच्या वैद्यांनी तबेल्यात थोडे अधिक डोकावले असते तर उत्तर लवकर सापडले असते, असे मला वाटते.

सैल नावाचा धोका किती, याचे एक उदाहरण दक्षिण ध्रुवावरचे आहे. कॅप्टन स्कॉटच्या तुकडीतले डॉ. एडवर्ड विल्सन ध्रुवावरून परतत असताना १९१२च्या जानेवारीअखेर त्यांचा डावा पाय जबर दुखू लागला. स्वतः वैद्य असल्याने त्यांनी रोजनिशीत लक्षणे नेमकी टिपली: नडगीच्या पुढच्या बाजूचा स्नायू सुजून ताठ झाला होता आणि त्यावरची कातडी लाल झाली होती. त्या परतीच्या प्रवासात ते आणि त्यांचे सर्व सोबती मरण पावले. १९५४ साली एका ब्रिटिश डॉक्टरने ही नोंद नव्याने वाचली आणि ओळखले की हे नेहमीचे नडगीचे दुखणे नव्हतेच. नडगीच्या पुढच्या बाजूचे स्नायू एका घट्ट, न ताणल्या जाणाऱ्या पटलाच्या कप्प्यात बसलेले असतात. अतिश्रमाने ते सुजले तर कप्प्यातला दाब वाढतो आणि रक्तपुरवठा तुटू शकतो. याला आज कप्प्याचा दाबविकार, कंपार्टमेंट सिंड्रोम, म्हणतात. त्याचे तीव्र रूप तातडीच्या शस्त्रक्रियेचे आहे. म्हणून येथेच सांगून ठेवतो: नडगी दगडासारखी ताठ झाली, पावलाला बधिरता आली, पाऊल वर उचलता येईनासे झाले आणि विश्रांतीतही वेदना वाढत राहिली, तर त्याच तासाला रुग्णालय गाठावे. बाकी लेख नंतर वाचता येईल.

१९५८ साली मायकेल डेव्हास या ब्रिटिश अस्थिशल्यवैद्याने धावपटूंच्या नडगीवर एक निबंध प्रसिद्ध केला. ज्याला सारे 'नडगीचे दुखणे' म्हणून सोडून देतात त्यांपैकी अनेक रुग्णांच्या नडगीच्या हाडाला, टिबियाला, बारीक तडा असतो, आणि तो क्ष-किरणात उशिरा दिसतो, असे त्यांनी दाखवले. पहिल्या तपासणीत चित्र निर्दोष येते. काही आठवड्यांनी भरून येणाऱ्या हाडाची पांढरी रेघ दिसते. 'एक्स-रे नॉर्मल आहे, पळा' हा सल्ला का फसतो, याचे उत्तर तेव्हापासून उपलब्ध आहे. १९६६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने नावाचा घोळ मिटवण्यासाठी व्याख्या ठरवली: हाडाचा भंग आणि रक्तपुरवठ्याचा विकार वगळून, स्नायू व कंडरा यांचा दाह म्हणजे शिन स्प्लिंट्स. व्याख्या नेटकी होती. ती बरोबर नव्हती, हे नंतर कळले.

यानंतर १९७४ साल येते, आणि तेथे जरा थांबायला हवे.

अमेरिकेच्या ॲनापोलिस येथील नौदल अकादमीत अँड्रिश, बर्गफेल्ड आणि वॉलहाइम या डॉक्टरांनी २,७७७ नवागत छात्रांवर एक अभ्यास केला. त्या काळी या दुखण्यावर उपायांची कमतरता नव्हती. प्रत्येक प्रशिक्षकाचा आपला एक होता. कोणता उपाय खरा, हे पाहायचे तर ते एकमेकांशेजारी ठेवूनच पाहायला हवे, इतका साधा विचार त्यांनी केला. नडगी दुखू लागलेल्या छात्रांचे पाच गट केले. एका गटाला केवळ विश्रांती. दुसऱ्याला विश्रांतीबरोबर ॲस्पिरिन आणि बर्फ. तिसऱ्याला फिनाइलब्यूटाझोन हे त्या काळचे जोरदार दाहशामक औषध. चौथ्याला टाचेमागच्या कंडरेला ताण देण्याचे व्यायाम. पाचव्याला चालता येईल असे प्लास्टर. निष्कर्ष असा की पाचही गट सारखेच बरे झाले. बर्फ, गोळ्या, ताण, प्लास्टर यांपैकी कशानेही केवळ विश्रांतीवर मात केली नाही.

अभ्यासाचा दुसरा भाग प्रतिबंधाचा होता आणि तो प्रामाणिकपणे सांगायला हवा, कारण तो आपल्याला सोयीचा नाही. टाचेखाली गादी, कंडरेचे ताण, दोन्ही एकत्र, आणि क्रमाक्रमाने वाढत जाणारे धावणे, असे चार मार्ग करून पाहिले. चौघांनीही लक्षणीय फरक पडला नाही. 'हळूहळू वाढवा म्हणजे होणारच नाही' असे ठामपणे म्हणणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे. क्रमिक वाढीच्या बाजूने पुढे पुरावा जमला, पण तो वेगळ्या मार्गाने आला.

त्याच वर्षी फिनलंडच्या पुरानेन यांनी दुखणे नडगीच्या आतल्या बाजूच्या कप्प्यातील दाबामुळे होते असे मांडून पटल कापण्याची शस्त्रक्रिया सुचवली. १९८२ साली मुबारक आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या कप्प्यांतील दाब प्रत्यक्ष मोजला; तो वाढलेला नव्हता. या दुखण्याला आज रूढ असलेले नाव, मीडियल टिबियल स्ट्रेस सिंड्रोम, याच काळात स्थिरावले. आपण त्याला नडगीचा भारविकार म्हणू. 'भार' हा शब्द नावात आला ही मोठीच गोष्ट होती, कारण आता नजर स्नायूकडून हाडाकडे वळली. शस्त्रक्रियेच्या वेळी घेतलेल्या हाडाच्या नमुन्यांत नवे हाड घडत असल्याच्या खुणा दिसल्या. २००१ साली स्वीडनमधील संशोधकांनी दीर्घकाळ नडगी दुखणाऱ्या खेळाडूंच्या हाडाची घनता मोजली. जेथे दुखत होते नेमकी तेथेच ती कमी होती. बरे झालेल्या खेळाडूंना काही वर्षांनी पुन्हा मोजले तेव्हा ती पूर्ववत झाली होती.

येथे वोल्फचा नियम परत येतो. धावताना प्रत्येक पावलागणिक जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट बल पायावर येते. नडगीचे हाड त्या बलाखाली अगदी किंचित वाकते. हजारो पावलांनंतर त्यात सूक्ष्म तडे जातात. हे अनैसर्गिक नाही. हाड अशाच तड्यांच्या खुणेवरून कुठे दुरुस्ती करायची ते ठरवते. पण दुरुस्तीची रीत विलक्षण आहे. जुन्या घराची भिंत पक्की करायची तर गवंडी आधी सैल विटा काढतो, तसे हाड खाणाऱ्या पेशी आधी तो भाग पोखरतात, आणि मग हाड बांधणाऱ्या पेशी तेथे नवे हाड भरतात. पोखरायला दोन-तीन आठवडे लागतात. भरायला सुमारे तीन महिने. म्हणजे नवा सराव सुरू केल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हाड पूर्वीपेक्षा तात्पुरते कमजोर असते. नेमक्या याच सुमारास उमेदवाराचा दम वाढलेला असतो. फुप्फुसे आणि हृदय दोन आठवड्यांत सुधारतात, स्नायू पाठोपाठ येतात, हाड सर्वांत मागे राहते. 'आता जमायला लागलंय' असे वाटून अंतर दुप्पट करण्याचा आठवडा आणि हाड सर्वांत पोकळ असण्याचा आठवडा, हे दोन्ही एकच असतात.

हाडावरच्या भाराचा हिशेब सर्वांत चिकाटीने कोणी ठेवला असेल तर तो इस्रायली सैन्याच्या वैद्यांनी. १९८५ साली मिल्ग्रोम आणि सहकाऱ्यांनी २९५ नवसैनिकांचा १४ आठवड्यांच्या प्रशिक्षणात पाठपुरावा केला. त्यांपैकी ३१ टक्क्यांना भारभंग, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर, झाले. आकडा धक्कादायक होता. पुढची पंचवीस वर्षे त्यांनी एकेक उपाय करून पाहिला. लष्करी बुटांऐवजी बास्केटबॉलचे बूट दिले. पावलाच्या हाडांच्या दुखापती घटल्या, पण एकूण भारभंग तितकेच राहिले. २००८ साली फाइनस्टोन आणि मिल्ग्रोम यांनी या पाव शतकाचा आढावा घेतला. शेवटी ज्या दोन गोष्टींनी भारभंगांचे प्रमाण ६० टक्क्यांहून अधिक घटले त्या कोणत्याही दुकानात मिळत नाहीत: रात्रीची किमान सहा तास झोप आणि चालण्याच्या एकूण अंतरात कपात. झोपेचे नाव वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल. पहाटे चारला उठून धावणारा, दिवसा कामाला किंवा शिकवणीला जाणारा आणि रात्री बारापर्यंत सामान्यज्ञान पाठ करणारा भरतीचा उमेदवार डोळ्यांपुढे आणला की ते राहणार नाही.

आहाराचाही वाटा सिद्ध झाला आहे. २००८ साली अमेरिकी नौदलाच्या ५,२०१ महिला नवसैनिकांवर झालेल्या चाचणीत रोज २,००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० एकक ड जीवनसत्त्व घेणाऱ्या गटात भारभंग २० टक्क्यांनी कमी झाले. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट उघडपणे बोलायला हवी. सराव वाढला, जेवण तेवढेच राहिले आणि पाळी अनियमित झाली किंवा थांबली, तर हाडांना मिळणारे संरक्षण कमी झाले आहे असे समजावे. 'सरावामुळे होतंच असं' म्हणून ते सोडून देऊ नये, डॉक्टरांना दाखवावे.

आता उपचाराकडे. ॲनापोलिसच्या प्रयोगानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, २०१२ साली, नेदरलँड्समध्ये मून आणि सहकाऱ्यांनी ७४ खेळाडूंवर पुन्हा तसाच प्रश्न विचारला. तीन गट: केवळ क्रमिक धावण्याचा कार्यक्रम, त्याच्या जोडीला ताण व बळकटीचे व्यायाम, आणि त्याच्या जोडीला घट्ट दाबमोजे. ठरलेला कार्यक्रम त्रासाविना पूर्ण करायला पहिल्या गटाला सरासरी १०५ दिवस लागले, दुसऱ्याला ११८, तिसऱ्याला १०२. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक नव्हे. शंभर दिवसांचा हा आकडा आणि हाडाच्या दुरुस्तीचा तीन-साडेतीन महिन्यांचा काळ शेजारी ठेवून पाहावेत. त्यांचा मेळ योगायोगाने बसला असेल असे मला वाटत नाही.

रामनगरच्या नेमींकडे परत जाऊ. त्यांच्या नडग्या वैद्यांनी मोजल्याची नोंद माझ्यापुढे नाही, तेव्हा अनवाणी चालणे कसे श्रेष्ठ वगैरे निष्कर्ष काढण्याच्या मोहात मी पडणार नाही. पण भाराच्या हिशेबाने पाहिले तर काशीच्या परिसरातच दोन टोके भेटतात. काशीची पंचक्रोशी परिक्रमा सुमारे ८० किलोमीटरची. रूढ पद्धत पाच मुक्कामांची आहे: कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर, कपिलधारा. महाशिवरात्रीला मात्र अनेक तरुण हीच वाट एका दिवस-रात्रीत पुरी करतात. अंतर तेच, पावलांची संख्या तीच, लाखाच्या वर. पाच दिवसांत प्रत्येक रात्री पायाला झोप मिळते. एका रात्रीत ती मिळत नाही. आपल्याकडे माउलींच्या पालखीचेही असेच. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर, पण पहिल्या लांब टप्प्यानंतर पुण्यात आणि दिवेघाट चढून गेल्यावर सासवडला पालखी एक दिवस अधिक थांबते. हे थांबे वारकऱ्यांच्या हाडांसाठी नेमले असे म्हणणे हास्यास्पद होईल. त्यांची कारणे परंपरेत आहेत. तरीही घाटानंतरचा तो दिवस पायांना मिळतोच.

आणि जुने प्रवासी तर याहून संथ होते. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले, बंडाच्या धामधुमीत झाशी पाहिली, पुढे काशीला पोहोचले आणि गंगेची कावड खांद्यावर घेऊन पायी घरी परतले. 'माझा प्रवास' या नावाने १९०७ साली छापल्या गेलेल्या त्यांच्या वृत्तांतात लुटारू आहेत, उपासमार आहे, ताप आहे. इतक्या अंतराला पुरून उरणारे पाय त्यांना एका महिन्यात मिळालेले नव्हते. त्या काळच्या कोकणी माणसाची हाडे लहानपणापासून डोंगर चढून घडलेली असत. आजचा उमेदवार बारावीपर्यंत बाकावर बसलेला असतो आणि जाहिरातीनंतर सहा आठवड्यांत तेच हाड मागतो.

मग नडगी दुखू लागलेल्याने काय करावे? प्रथम बोटाने तपासावे. आतल्या कडेने पाच सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पट्टा दुखत असेल, तर बहुधा तो भारविकार असतो. एकाच जागी, बोटाच्या टोकाएवढ्या भागात तीव्र दुखत असेल, रात्री ठणकत असेल, एका पायावर उडी मारणे अशक्य होत असेल, तर भारभंगाची शंका धरून अस्थितज्ज्ञांकडे जावे. साध्या क्ष-किरणात काही दिसले नाही तर एमआरआयची गरज आहे का, हे त्यांना विचारावे. भारविकारात धावणे थांबवावे, पण अंथरूण धरू नये. सायकल आणि पोहणे यांनी दम टिकतो. दुखल्याविना भरभर चालता येऊ लागले की एक मिनिट हळू धावणे आणि एक-दोन मिनिटे चालणे असे आलटूनपालटून सुरू करावे, एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी सकाळी ठसठस वाढलेली असेल तर आदल्या पायरीवर परतावे. बर्फाने तात्पुरते बरे वाटते, तेवढ्यासाठी तो घ्यायला हरकत नाही. वेदनाशामक गोळी घेऊन धावणे मात्र सर्वांत वाईट, कारण ती हाडाची तक्रार बंद करते आणि हाडाची झीज चालूच राहते. झिजलेले बूट बदलावेत. महागडे घेण्यासाठी कर्ज काढू नये.

हे सारे उमेदवाराच्या हातातले. जे त्याच्या हातात नाही ते भरतीच्या वेळापत्रकात आहे. जाहिरात अनेकदा वर्षानुवर्षे येत नाही, आणि आली की मैदानी चाचणीची तारीख किती दिवसांवर आहे हे शेवटपर्यंत कळत नाही. परीक्षा पुढे जाते, मागे येते, आणि दर वेळी हजारो मुले आपले धावणे एका आठवड्यात दुप्पट करतात. जाहिरात आणि मैदानी चाचणी यांच्यात किमान शंभर-सव्वाशे दिवसांचे जाहीर अंतर ठेवायला कोणत्याही राज्याला पैसा लागत नाही. तोवर, ज्यांना पुढच्या हंगामात मैदानावर उतरायचे आहे त्यांनी जाहिरातीची वाट न पाहता आजपासून आठवड्यातून तीन दिवस, मातीच्या मैदानावर, बोलता येईल इतक्या वेगाने धावायला लागावे. वेगाचा सराव तिसऱ्या महिन्यानंतर.